क्लीव्हलंड स्पायडर्सचा १८९९ सालचा हंगाम : एक विचार

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासात एका हंगामात सर्वाधिक सामने गमावण्याचा विक्रम ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहराच्या 'स्पायडर्स' ह्या संघाच्या नावावर आहे. १८९९ साली ह्या संघाने १५४ सामने खेळून त्यांपैकी केवळ २० जिंकले व १३४ गमावले. बारा संघांच्या 'नॅशनल लीग'मध्ये तो अर्थातच शेवटचा आला. पहिल्या आलेल्या ब्रुकलिन संघाने १०१ सामने जिंकून ४७ गमावले होते. ह्या खेळातील रूढ हिशोब असा की, दोन संघांच्या विजयांतील व पराजयांतील फरकांची बेरीज करून तिचे अर्ध घ्यावयाचे; त्यानुसार क्लीव्हलंड ब्रुकलिनच्या ८४ सामने मागे राहिले. हे एक वेळ सोडून देता येईल. परंतु अकराव्या क्रमांकाच्या वॉशिंग्टनच्याही ते ३५ सामने मागे होते. तळाला दुसरा असणाऱ्या दुर्बळ संघाशीसुद्धा त्याची तुलना होऊ शकत नव्हती, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते.

बेसबॉलच्या इतिहासकारांनी ह्या हंगामाची कथा बहुधा विनोदाच्या अंगाने सांगितली आहे, आणि तीत विनोदाला वाव आहे हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु एक साधा प्रश्न त्या विनोदाखाली झाकला जातो. ह्याच क्लीव्हलंड संघाने आदल्या वर्षी, म्हणजे १८९८ साली, ८१ सामने जिंकून ६८ गमावले होते आणि पाचवा क्रमांक मिळविला होता. अवघ्या एका हिवाळ्यात असे काय घडले? खेळाडू म्हातारे झाले नव्हते, रोगराई आली नव्हती, आपसांत फूटही पडली नव्हती. ते खेळाडू चांगले खेळत होते. मात्र ते आता दुसऱ्या शहरात खेळत होते.

भाषेच्या अभ्यासकास येथे 'संघ' ह्या शब्दापाशीच थांबावे लागते. आपण सहजपणे 'क्लीव्हलंडचा संघ हरला' असे म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात तीन निरनिराळ्या वस्तू एकत्र बांधलेल्या असतात : मैदानावर उतरणारी माणसे, ज्यांच्या नावाने ती उतरतात ते शहर, आणि लीगमधील ती जागा, म्हणजे मालकाच्या हातातील हक्क. एरवी ह्या तिन्ही गोष्टी एकमेकींना चिकटून असल्यामुळे शब्दाचे काम निर्वेधपणे चालते. १८९९ साली क्लीव्हलंडमध्ये त्या तिन्ही सुट्या झाल्या. माणसे गेली, मग शहर गेले, आणि शेवटी नुसता हक्क गावोगाव हिंडत राहिला. त्या हंगामाला 'निराशाजनक' म्हणणे चुकीचे नाही. परंतु निराशा कोणाची, हे विचारल्याशिवाय त्या विशेषणाचा अर्थ लागत नाही.

हे घडू शकले त्याचे मूळ त्या काळच्या लीगच्या घडणीत आहे. १८९१ पर्यंत नॅशनल लीगला 'अमेरिकन असोसिएशन' नावाची प्रतिस्पर्धी संघटना होती. त्या वर्षाअखेर ती मोडली आणि तिच्यातील सेंट लुइस, बॉल्टिमोर, वॉशिंग्टन व लुइव्हिल हे चार संघ नॅशनल लीगमध्ये सामावून घेण्यात आले. अशा रीतीने १८९२ पासून बारा संघांची एकच लीग उरली व तिच्या हाती ह्या धंद्याची मक्तेदारी आली. खेळाडूंना तर १८७९ पासूनच 'रिझर्व्ह क्लॉज' ह्या कलमाने बांधून ठेवले होते. एकदा एखाद्या संघाशी करार केला की पुढील वर्षीही त्या खेळाडूवर त्याच संघाचा हक्क राही. मालकाला त्याला विकता येई, दुसऱ्या मालकाशी त्याची अदलाबदल करता येई. खेळाडूला मात्र आपण होऊन दुसरीकडे जाता येत नसे. प्रतिस्पर्धी लीग अस्तित्वात असेतोवर ह्या बंधनातून पळवाट होती. १८९२ नंतर तीही बुजली. ह्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती : एकाच व्यक्तीने दोन संघांत मालकी ठेवू नये, असा नियम परिणामकारकपणे कोणी लावीत नव्हते.

क्लीव्हलंड संघाचे मालक फ्रँक व स्टॅन्ली रॉबिसन हे बंधू होते. फ्रँक रॉबिसन यांचा मूळ व्यवसाय शहरातील ट्रामगाड्यांचा. १८९१ साली त्यांनी 'लीग पार्क' हे नवे मैदान बांधले, ते आपल्याच ट्रामच्या रस्त्यावर; प्रेक्षकाने तिकीट मैदानाचे काढावे आणि भाडे ट्रामचे द्यावे, अशी ती योजना होती. १ मे १८९१ रोजी ह्या मैदानावरील पहिला सामना झाला, आणि त्यात क्लीव्हलंडच्या बाजूने चेंडू फेकणारा तरुण पिचर डेंटन यंग हा होता. 'साय यंग' ह्या नावाने तो पुढे जगप्रसिद्ध झाला. कारकिर्दीतील त्याच्या ५११ विजयांची बरोबरी आजवर कोणीही केलेली नाही. क्रिकेटच्या वाचकांसाठी सांगावयाचे तर पिचरचे काम गोलंदाजासारखे, पण त्याचा वाटा गोलंदाजापेक्षा कितीतरी मोठा. म्हणूनच विजय व पराजय हे पिचरच्या नावावरही मांडले जातात.

ह्या संघाची गुणवत्ता सामान्य नव्हती. १८९२ साली हंगाम दोन भागांत खेळविण्यात आला, तेव्हा दुसऱ्या भागात क्लीव्हलंड पहिले आले. १८९५ साली पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांत होणाऱ्या 'टेंपल कप' मालिकेत त्यांनी बॉल्टिमोरच्या बलाढ्य संघास हरविले. जेसी बर्केट हा त्यांचा फलंदाज १८९५ व १८९६ अशी सलग दोन वर्षे चारशेच्या वर सरासरी राखून होता. (बेसबॉलमध्ये ही सरासरी हजारांत मोजतात, आणि तीनशेच्या वर ती गेली तरी फलंदाज चांगला मानला जातो.) संघनायक पॅट्सी टिबो हा भांडखोर म्हणून कुप्रसिद्ध होता, पण जिंकण्याची ईर्ष्या त्याने संघात रुजविली होती.

तरीही प्रेक्षक मालकांच्या अपेक्षेइतके येत नसत. ह्याचे एक कारण रविवार हे होते. कामगार वस्तीच्या त्या शहरात सहा दिवस काम करणाऱ्या माणसाला मोकळा असा एकच दिवस मिळे, आणि त्याच दिवशी व्यावसायिक सामना खेळणे ओहायोच्या कायद्याने निषिद्ध होते. १६ मे १८९७ रोजी रॉबिसन यांनी मुद्दाम रविवारचा सामना ठेवून पाहिला. पहिला डाव होतो न होतो तोच पोलिसांनी खेळाडूंना अटक केली. (क्लीव्हलंडमध्ये रविवारच्या सामन्यांना मोकळीक मिळाली ती १९११ साली.) रॉबिसन यांचा शहरावरील राग तेव्हापासून वाढत गेला असे दिसते. १८९८ च्या हंगामातच त्यांनी क्लीव्हलंडचे पुष्कळसे घरचे सामने परगावी नेले. म्हणजे पुढील वर्षीच्या अनर्थाची तालीम आधीच होऊन गेली होती. ह्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रेक्षक नाहीत म्हणून सामने नेले, आणि सामने नेले म्हणून उरलेले प्रेक्षकही तुटले. ह्यांत कारण कोणते व कार्य कोणते, हे १८९८ नंतर सांगता येणे कठीण होते.

याच सुमारास सेंट लुइसचा संघ मोडकळीस आला होता. त्याचे मालक ख्रिस फॉन देर आहे हे जर्मनीतून आलेले, मद्यगृहाच्या धंद्यावर वर आलेले गृहस्थ. १८९८ च्या एप्रिलमध्ये सामना चालू असतानाच त्यांच्या मैदानाला आग लागली. मागोमाग खटले आले, कर्ज आले, आणि त्या वर्षी संघाने ३९ सामने जिंकून १११ गमावले. १८९९ च्या मार्चमध्ये संघाचा जाहीर लिलाव झाला. लिलावानंतर तो ज्यांच्या हाती गेला त्यांच्याशी भागीदारी करून रॉबिसन बंधू दुसऱ्या संघाचेही मालक झाले. सेंट लुइस हे क्लीव्हलंडपेक्षा मोठे शहर, आणि तेथे रविवारी खेळण्यास बंदी नव्हती. पुढचा विचार व्यापाऱ्याचा होता आणि तो व्यापाऱ्याच्या दृष्टीने सरळच होता. साय यंग, बर्केट, बॉबी वॉलेस, चाइल्ड्स, स्वतः टिबो — क्लीव्हलंडचे सारे नामांकित खेळाडू सेंट लुइसला पाठविण्यात आले, आणि सेंट लुइसच्या शेवटच्या क्रमांकाच्या संघातील माणसे क्लीव्हलंडकडे आली. सेंट लुइसच्या संघाचे नावही बदलून 'परफेक्टोज' ठेवण्यात आले. क्लीव्हलंडचा कारभार स्टॅन्ली यांच्याकडे राहिला. आपण तो 'साइडशो' म्हणून चालविणार, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार सांगितले जातात. जत्रेत मोठ्या तंबूच्या बाहेर जो किरकोळ खेळ लावतात त्यासाठी हा शब्द आहे. मालकाने आपल्या मालाविषयी इतके प्रांजळपणे बोलल्याचे उदाहरण विरळा.

१५ एप्रिल १८९९ रोजी हंगाम सुरू झाला तो सेंट लुइस येथे, आणि समोरासमोर आले हेच दोन संघ. साय यंगने आपल्या कालच्या शहराविरुद्ध चेंडू फेकला आणि सेंट लुइसने १० विरुद्ध १ असा विजय मिळविला. दोन्ही बाजूंचे मालक तेच होते. ह्या सामन्याला स्पर्धा म्हणावयाचे ते कोणत्या अर्थाने, हा प्रश्न त्या दिवशी कोणाच्या मनात आला असेल तर तो योग्यच होता.

लेव्ह क्रॉस ह्या अनुभवी खेळाडूकडे क्लीव्हलंडचे नेतृत्व सोपविण्यात आले. त्याच्या हाताखाली ३८ सामन्यांत ८ विजय मिळाले. पुढे जे झाले त्या मानाने ही कामगिरी भूषणावह म्हणावी लागेल. आणि म्हणूनच की काय, सेंट लुइसला गरज पडताच क्रॉसलाही तिकडे बोलावून घेण्यात आले. विली सडहॉफ ह्या पिचरचीही तीच गत झाली. येथे ह्या व्यवस्थेचे खरे स्वरूप दिसते. हंगामाच्या आरंभी एकदाच लूट झाली व मग उरलेल्यांना आपल्या नशिबावर सोडले, असे नव्हते. जो कोणी चांगला निघेल त्याला उचलून नेण्याची सोय वर्षभर चालू होती. अशा संघात चांगले खेळण्याचे बक्षीस म्हणजे त्या संघातून सुटका.

क्रॉसनंतर जो क्विन हा नायक झाला. हा मूळचा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडचा. ह्या पातळीवर बेसबॉल खेळलेला तो पहिला ऑस्ट्रेलियात जन्मलेला खेळाडू. हंगाम नसताना तो अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करीत असे, आणि त्यावरून झालेले विनोद सांगण्याची आवश्यकता नाही. त्याच्या नेतृत्वाखाली संघाने १२ सामने जिंकले आणि १०४ गमावले. जिम ह्यूई ह्या पिचरच्या नावावर ४ विजय व ३० पराजय लागले. त्यानंतर आजतागायत कोणाही पिचरने एका हंगामात तीस सामने गमावलेले नाहीत. संघाने सबंध हंगामात ५२९ धावा केल्या आणि प्रतिपक्षांना १,२५२ करू दिल्या.

आता शहराकडे वळू. वेळापत्रकाप्रमाणे प्रत्येक संघाने ७७ सामने आपल्या मैदानावर व तितकेच परगावी खेळावयाचे होते. क्लीव्हलंडमध्ये प्रत्यक्षात ४२ सामने झाले, आणि त्या सर्वांस मिळून आलेल्या प्रेक्षकांची संख्या ६,०८८ अशी नोंदलेली आहे, म्हणजे सामन्यास सरासरी १४५. दाराशी जमलेल्या पैशांतून पाहुण्या संघाला वाटा मिळत असे. दीडशे प्रेक्षकांच्या पैशांतील वाट्यातून आगगाडीचे भाडे व हॉटेलचा खर्च निघेना, तेव्हा इतर संघ क्लीव्हलंडला येण्यास नाखूश झाले. साहजिकच उरलेले सामने त्यांच्या गावी खेळविणे ओघानेच आले. जुलैनंतर स्पायडर्स आपल्या शहरात क्वचितच दिसले. परगावी त्यांनी ११२ सामने खेळले व त्यांपैकी १०१ गमावले. आज प्रत्येक संघ परगावी ८१ सामनेच खेळतो. तेव्हा हा विक्रम मोडणे कोणास शक्यच नाही.

वृत्तपत्रांनी ह्या संघाला जी नावे दिली ती पाहण्यासारखी आहेत. 'स्पायडर्स' हे नाव १८८९ पासूनचे; गडद रंगाच्या पोशाखातील सडपातळ, लांब हातापायांचे खेळाडू पाहून कोणास कोळी आठवले, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. १८९९ मध्ये मात्र 'एक्झाइल्स', 'वाँडरर्स', 'मिसफिट्स' अशी नावे छापली जाऊ लागली : निर्वासित, भटके, कोठेच न बसणारे. पहिले नाव माणसांच्या रूपावरून पडले होते, नवी नावे त्यांच्या स्थितीवरून पडली. शेवटच्या नावात उपहास आहे, पण पहिल्या दोहोंत मला उपहासापेक्षा अचूकपणा अधिक दिसतो. 'क्लीव्हलंड' हे विशेषनाम ह्या संघाला आता लागू पडत नाही, हे वार्ताहरांनी व्याकरणाचा विचार न करताही ओळखले होते. तमाशाच्या फडातून गायक, सोंगाड्या, ढोलकीवाला सगळे दुसऱ्या फडात नेले आणि पाटी तेवढी मागे ठेवली, तर ती पाटी कोणाची, असाच हा प्रश्न आहे.

ऑगस्टच्या अखेरीपासून संघाने ओळीने २४ सामने गमावले. १८ सप्टेंबर रोजी वॉशिंग्टनविरुद्ध एक जिंकला, आणि त्यानंतरचे सर्व १६ गमावले. शेवटच्या ४१ सामन्यांतील ४० पराभव असे हे गणित होते. १५ ऑक्टोबरला सिनसिनाटी येथे हंगामाचा शेवटचा सामना झाला. त्यात क्लीव्हलंडच्या बाजूने चेंडू फेकण्यासाठी एडी कोल्ब नावाच्या एका हौशी तरुणाला उभे केले होते. तो तेथील हॉटेलात सिगार विकणारा होता. सामना १९ विरुद्ध ३ असा गेला. कोल्ब पुन्हा ह्या पातळीवर कधी खेळला नाही. ह्या प्रसंगाची थट्टा पुष्कळ झाली आहे. मला त्यात एक वेगळीच गोष्ट जाणवते : तो सबंध सामना खेळला, आणि क्विनसह इतरांनीही आपापल्या जागा सोडल्या नाहीत. हरण्याचा कंटाळा येऊन कोणी घरी निघून गेले असते तर त्यास दोष देता आला नसता.

'एक मालक, दोन संघ' ही व्यवस्था एकट्या क्लीव्हलंडची नव्हती, आणि म्हणून तिचे दुसरे उदाहरण तपासणे उद्बोधक ठरते. त्याच वर्षी बॉल्टिमोर व ब्रुकलिन ह्या संघांचीही मालकी एकत्र झाली आणि बॉल्टिमोरचे व्यवस्थापक नेड हॅनलन हे कीलर, केली, जेनिंग्ज अशा खेळाडूंना घेऊन ब्रुकलिनला गेले. ब्रुकलिन पहिले आले ते ह्याच बळावर. परंतु बॉल्टिमोर कोसळले नाही. ८६ सामने जिंकून ते चौथे आले. कारण जॉन मॅग्रॉ व विल्बर्ट रॉबिन्सन ह्या दोघांनी ब्रुकलिनला जाण्याचे नाकारले. बॉल्टिमोरमध्ये त्यांचा भागीदारीतला स्वतंत्र व्यवसाय होता, आणि 'नाही' म्हणण्याइतकी ऐपत त्यामुळे त्यांच्याजवळ होती. क्लीव्हलंडच्या खेळाडूंजवळ तशी काही सोय नव्हती. तेव्हा दोन मालकी एकत्र येणे हे एकच कारण पुरेसे नाही. खेळाडूच्या हाती नकार देण्याची शक्ती किती होती, हेही पाहावे लागते.

आणि एवढे करून रॉबिसन यांना काय मिळाले? सेंट लुइसच्या 'परफेक्ट' संघाने ८४ सामने जिंकले, ६७ गमावले आणि पाचवा क्रमांक मिळविला. तीच मंडळी क्लीव्हलंडच्या नावाने खेळत असताना आदल्या वर्षीही पाचवीच आली होती. एक शहर संपविले गेले आणि दुसऱ्याला विजेतेपद मिळाले नाही. पुढच्या वर्षी तो संघ 'कार्डिनल्स' ह्या नव्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि ते नाव आजही चालू आहे. स्टॅन्ली रॉबिसन १९११ साली वारले तेव्हा तो संघ त्यांची पुतणी हेलेन ब्रिटन हिच्याकडे आला, व ह्या पातळीवरील संघाची पहिली स्त्री-मालक म्हणून तिचे नाव इतिहासात राहिले.

१९०० च्या हंगामापूर्वी नॅशनल लीगने बारापैकी चार संघ, म्हणजे क्लीव्हलंड, बॉल्टिमोर, वॉशिंग्टन व लुइव्हिल, वगळून टाकले. तोट्यातील गावे गेली, आता धंदा आटोपशीर झाला, असे मालकांना वाटले असावे. परंतु बॅन जॉन्सन हे मध्य-पश्चिमेतील एका लहान लीगचे प्रमुख ह्या घटनेकडे लक्ष ठेवून होते. त्यांनी आपल्या संघटनेचे नाव १९०० साली 'अमेरिकन लीग' असे केले व ग्रँड रॅपिड्सचा संघ क्लीव्हलंडला आणून त्याच लीग पार्कवर उतरविला. १९०१ साली त्यांनी आपली लीग नॅशनल लीगच्या बरोबरीची असल्याचे घोषित केले, तेव्हा तिच्या आठ शहरांत क्लीव्हलंड, बॉल्टिमोर व वॉशिंग्टन ही तिन्ही होती. खेळाडूंना पुन्हा दुसरे दार उघडले. साय यंग त्याच वर्षी सेंट लुइस सोडून बॉस्टनच्या नव्या संघात गेला. १९०२ मध्ये बर्केट आणि वॉलेस हेही अमेरिकन लीगमध्ये दाखल झाले. दोन लीगांची जी रचना आजही अमेरिकेत चालू आहे, तिच्या पायाशी १८९९ च्या ह्या शहरांची रिकामी मैदाने आहेत. ह्या हंगामाला इतिहासात जे स्थान मिळावयास हवे ते ह्या कारणाने, पराभवांच्या संख्येमुळे नव्हे.

त्या संख्येविषयीही एक भाषिक तपशील नोंदवावासा वाटतो. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्स संघाने १२१ सामने गमावले, तेव्हा 'आधुनिक काळातील सर्वाधिक पराभव' अशी त्याची नोंद सर्वत्र झाली. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा उच्चांक त्यामुळे मोडला. 'आधुनिक' हे विशेषण तेथे केवळ कालवाचक आहे : विसाव्या शतकाच्या आरंभापासून पुढचा काळ. त्या एका शब्दाने स्पायडर्स वेगळे काढले जातात, आणि विक्रम असूनही विक्रमाच्या बातमीत बहुधा दुसऱ्या वाक्यात येतात. खुद्द क्लीव्हलंडमधील संघाने १९०१ नंतर ब्लूज, ब्राँकोज, नॅप्स व १९१५ पासून इंडियन्स अशी नावे बदलली. २०२० च्या डिसेंबरात 'इंडियन्स' हे नाव सोडण्याचा निर्णय जाहीर झाल्यावर नव्या नावासाठी जी चर्चा झाली, तीत पुष्कळ नागरिकांनी 'स्पायडर्स' हे नाव सुचविले होते. संघाने 'गार्डियन्स' हे नाव निवडले, आणि २०२२ पासून तो त्याच नावाने खेळतो.